निखारेकाकांची दुसरी तार

१८ जानेवारी, रविवार. इतवारीतलं दुकान आज बंद आहे, पण मी आत बसून वजनं पुसते आहे. वीस किलोची पाच लोखंडी वजनं उद्या भिवापूरला न्यायची आहेत. पुसायची ती कोरड्या फडक्याने. गंज नको म्हणून तेलाचं बोट फिरवायचं नाही, कारण तेलालाही वजन असतं. हा नियम निखारेकाकांचा. दुकान त्यांचं होतं, आता मी चालवते. इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करायचे आणि वजनमापे खात्याच्या निरीक्षकाकडून त्यांना शिक्का मारून घ्यायचा, हे आमचं काम.

भिवापूरला एका आडत्याचा काटा मिरची कमी मोजतो, अशी शेतकऱ्यांची तक्रार आहे. त्या काट्याची शेवटची दुरुस्ती उमरेडच्या एका कारागिराने केली होती. निरीक्षकांनी माझं मत मागितलं आहे. मत तयार आहे. त्या माणसाचं काम मी दोनदा पाहिलं आहे आणि दोन्ही वेळा मला ते आवडलं नाही. अहवाल काल संध्याकाळीच लिहून ठेवला. उद्या काटा उघडायचा, पाहायचं आणि खाली सही करायची. सही झाली की त्याचा परवाना जाईल. अहवाल टेबलावर आहे, उडू नये म्हणून त्यावर एक वजन ठेवलं आहे. वजन पुसायला उचललं, कागद दिसला, आणि काका आठवले. ते आठवायला नको होते, कारण हातात काम होतं.

वासुदेव निखारे. घराणं कोष्ट्यांचं. वडील गोळीबार चौकाजवळ मागावर लुगडी विणायचे. काकांनी माग सोडला, पण बोटं तीच राहिली. वडील ताण्याचे दोन धागे शेजारी शेजारी दाबून पाहायचे आणि कोणता सैल आहे ते सांगायचे. एक धागा दाबून ते कधीच काही बोलायचे नाहीत. काकांचा सगळा स्वभाव या एका गोष्टीत होता.

मी दुकानात आले तेव्हा चौतीस वर्षांची होते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा होता आणि मधली दहा वर्षं घरात गेली होती. पहिल्या दिवशी मला भिंतीवर दोन घड्याळं दिसली. त्यांच्यात चार मिनिटांचा फरक होता. मी विचारलं, बरोबर कोणतं?

"मले काय माहीत?" काका म्हणाले.

"मग दोन कशाला ठेवली?"

"एकच असतं तर तू त्याच्यावर भरोसा ठेवला असता. आता ठेवून राहिली का?"

या माणसाचा कशावरच भरोसा नव्हता. चहावाल्याकडून बिनसाखरेचा चहा मागवायचे आणि साखर स्वतःच्या डब्यातली घालायचे. पत्रिकेवरचा मुहूर्त लग्नघरी फोन करून विचारायचे, मग मुलाकडच्यांनाही विचारायचे. पेचकस सापडला नाही की मला विचारायचे, मग बाहेर जाऊन हमालाला विचारायचे, आणि आमच्या दोघांच्या उत्तरांत फरक निघाला तर त्यांना आनंद व्हायचा. नऊ व्होल्टची बॅटरी जिभेला लावून पाहायचे. सुटी चिप हातात घेण्याआधी मला नळाला हात लावायला लावायचे, कारण माझ्या स्वेटरमध्ये साठणाऱ्या, चिप जाळणाऱ्या विजेवरही त्यांची शंका होती. "स्वेटर तुयं आहे, पण ठिणगी कोणाचीच नसते," असं म्हणायचे.

माझी परीक्षा त्यांनी दोन चिपांनी घेतली. दोन्ही आठ पायांच्या, काळ्या, बोटाच्या नखाएवढ्या. एक काट्यात लागणारा ऑप-ॲम्प, दुसरा भोंग्यातला आवाजाचा ॲम्प्लिफायर.

"दोघं भाऊ दिसतात ना? फरक सांग."

मी पुस्तकातलं सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. "हे तुले शाळेनं सांगितलं. तू सांग."

मला सांगता आलं नाही. मग त्यांनी स्वतःची फजिती सांगितली. ते ती सगळ्यांना सांगत. दुसऱ्या कोणी सांगून तिच्यात मीठमिरची घालू नये, हे कारण.

तरुणपणी काका भोंगे दुरुस्त करायचे. लग्नं, मारबतीची मिरवणूक, सभा. तेव्हा बाजारात नवे इलेक्ट्रॉनिक काटे यायला लागले होते. काकांनी एक उघडून पाहिला. पोतं ठेवलं की आतला लोखंडी ठोकळा केसभर वाकतो आणि त्यातून अगदी बारीक वीज निघते. ती मोठी केली की आकडा. काका म्हणाले, मोठं करणं तर आपलाच धंदा. त्यांनी भोंग्याचा ॲम्प्लिफायर जोडला, मीटर लावला आणि शेजाऱ्याचं तांदळाचं पोतं धपकन वर टाकलं. मीटरचा काटा सर्रकन वर गेला. काका नाचले. मग काटा हळूहळू खाली आला आणि शून्यावर जाऊन बसला. पोतं वरच होतं.

"तीन दिवस गा," हे ते पुरुष गिऱ्हाइकाला सांगत असतील तर. मला सांगताना 'तीन दिवस वं'. "तीन दिवस मी पोत्यावर शंका घेतली. मग शेजाऱ्यावर. पोतं उघडून तांदूळ पाहिला. चौथ्या दिवशी ध्यानात आलं. भोंग्याच्या ॲम्प्लिफायरले हललेलं समजते, बसलेलं समजत नाही. आवाज म्हणजे थरथर. थरथर थांबली की त्याच्यासाठी दुनिया खतम. पोतं आदळलं तेव्हा तो दचकला, पोतं बसलं तसा झोपला."

मग त्यांनी ऑप-ॲम्प उचलला. "याले दोन कान असतात. दोन तारा. एका तारेवर काय आहे त्याचं याले घेणंदेणं नाही. दोघींत फरक किती, तेवढंच पाहते. फरक केसाएवढा असला तरी पकडते आणि पोतं बसून आहे तोवर सांगत राहते. आणि आपण बोललेलं थोडं परत आपल्याच कानात घेते. जास्त बोललो का, हे तपासायले."

"आणि याने भोंगा वाजतो?"

"डास वाजते. ताकद नाही ना त्याच्यात. ताकद त्या दुसऱ्यात. तो तापते, ओरडते, गल्ली हलवते. पण एक तार धरून. माईकवर जे आलं ते मोठं. शिवी आली तर शिवी मोठी."

एका मंडळाचा कार्यकर्ता याच गोष्टीवरून एकदा भांडायला आला होता. त्याने कुठूनतरी ऑप-ॲम्प आणून थेट भोंग्याला जोडला होता.

"काका, तुमच्या काट्यातल्या चिपा लय भारी असतात म्हणे, लाखपट मोठं करतात. मग भोंगा काहून कुईकुई करून राहिला?"

"मुनिमाले तू पहेलवानी सांगितली, बाप्पा. मुनीम मेला नाही हे नशीब समज."

"मग पहेलवान द्या ना."

"देतो. पण त्याच्या हाती तराजू देऊ नको."

त्या कार्यकर्त्याला समजलं की नाही माहीत नाही. मला समजलं असं मला वाटलं.

काका बाजारातून आणलेली प्रत्येक चिप स्वतः तपासायचे. सीताबर्डीच्या गल्लीत स्वस्त चिपेवरचा आकडा घासून वर महागड्या चिपेचा आकडा छापलेला माल मिळतो, हे ते पहिल्या दिवसापासून सांगत. तपासून पास झालेल्या चिपेवर काकूंच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. ठिपका म्हणजे निखाऱ्यांचा शब्द. कोराडीला कोळशाच्या ट्रकांचा मोठा काटा होता, तिथले साहेबसुद्धा ठिपका पाहून पुढचं विचारत नसत.

आता भिवापूरची जुनी गोष्ट. या गोष्टीला नऊ वर्षं झाली.

तिथल्या एका आडत्याचा काटा आम्ही नुकताच दुरुस्त केला होता. निरीक्षकांनी सकाळी साडेनऊला आमची वजनं ठेवून पाहिली, काटा बरोबर निघाला, शिक्का लागला. मिरचीचा हंगाम सुरू झाला आणि आठ दिवसांत तक्रार आली. एका बाईने घरी मोजलेलं पोतं आडत्याकडे तीनशे ग्रॅम कमी भरलं. मग दुसऱ्याचं. मग सगळेच घरून मोजून आणू लागले. आडत्या म्हणाला, काटा निखाऱ्यांचा आहे, त्यांना विचारा.

फोन आला तेव्हा काका कोराडीला गेले होते. मी भिवापूरला जाऊन काट्याचा आकड्यांचा डबा दुकानात आणला. दुपारचे चार वाजले होते. काका सहाला येणार होते.

डब्याचा पेच काढताना माझ्या डोक्यात तीन गोष्टी होत्या. एक, दिवाळीला याच आडत्याने काकांच्या घरी मिरचीचं अर्धं पोतं पाठवलं होतं. दोन, काकांनी मला महिन्यापूर्वी बजावलं होतं, "भिवापूरचा डबा तू उघडू नको वं." तीन, ज्या दिवशी हा काटा दुरुस्त झाला त्या दिवशी काकांनी मला दुसऱ्या कामाला पाठवलं होतं. तिन्ही गोष्टी पूर्वीही मला माहीत होत्या. त्या दिवशी त्या एका ओळीत उभ्या राहिल्या.

आत महागडा ऑप-ॲम्प होता, त्यावर लाल ठिपका. ठिपक्याखाली एक अक्षर झाकलं होतं, ते वाचावं म्हणून मी नेलपॉलिश काढायचं पाणी कापसाला लावून फिरवलं. ठिपका निघाला आणि त्याबरोबर छापलेला सगळा आकडाही कापसावर आला. खाली घासलेल्या खुणा आणि अर्धवट ७४१. अगदी साधी, शाळेत मुलांना देतात ती चिप.

जो माणूस बॅटरी चाटून पाहतो, तो हे न पाहता ठिपका लावेल? मी घड्याळाकडे पाहिलं. एकात चार वाजून वीस, दुसऱ्यात सोळा. मी सहापर्यंत थांबले नाही. निरीक्षकांना फोन केला आणि म्हणाले, आतली चिप खोटी आहे आणि तिच्यावर निखाऱ्यांची खूण आहे. माझं नाव मध्ये आणू नका, असंही म्हणाले.

काका सहाला आले. मी डबा समोर ठेवला. चिप दाखवली, फोनचं सांगितलं नाही. त्यांनी कापूस उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, "तपासली होती मी ही. पास झाली होती." दुसऱ्या दिवशी खात्याची नोटीस आली. परवाना का रद्द करू नये, आठ दिवसांत उत्तर द्या.

उत्तर द्यायला काका कागद घेऊन बसले नाहीत. तोच डबा, तीच खोटी चिप पुन्हा बसवून भिवापूरला निघाले. मला बरोबर नेलं. निरीक्षकांनाही बोलावलं. आडत्याच्या टिनाच्या शेडखाली सकाळी आठला काट्यावर वीस किलोचं वजन ठेवलं आणि शेतकऱ्यांना म्हणाले, "कोणी हात नाही लावायचा. मीही नाही. फक्त पाहायचं."

आठला वीस किलो. नऊला वीस. थंडी होती, शेतकरी शेकोटीपाशी जाऊन आले. अकराला शेड तापायला लागली. मापारी दर तासाला आकडा मोठ्याने वाचायचा. "एकोणीस नऊशे." मग "एकोणीस आठशे." दोन वाजता "एकोणीस सातशे." लोखंडाचं वजन जागचं हललं नव्हतं.

काकांनी समजावलं. साधी चिप तापली की तिच्या दोन कानांत आपसूकच थोडा फरक पडतो. वर काही नसतानाही पडतो. महागड्या चिपेत तो जवळजवळ पडत नाही, म्हणून तर ती महाग. दुकानातल्या पंख्याखाली दोघी सारख्याच वागतात.

निरीक्षकांनी विचारलं, "मग दुपारी शून्याचं बटण दाबलं की झालं ना? पुन्हा बरोबर होईल."

सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. त्या शेडचा रिवाज होता: सकाळी काट्याला हळदकुंकू लावून एकदा शून्य करायचं, आणि मापं सुरू झाली की बटणाला कोणी हात लावायचा नाही. लावला की शेतकरी ओरडत, काय करून राहिला रे? आडत्यावर शंका, म्हणून बटण बंद. एक पोतं उतरायच्या आधी दुसरं चढायचं, त्यामुळे काटा रिकामा कधी दिसतच नसे. चोरी होऊ नये म्हणून केलेला नियम रोज दुपारी दर पोत्यामागे तीनशे ग्रॅम खात होता.

"चोर आत आहे," काका म्हणाले. "पण त्याले आत मी बसवलं. थंड्या खोलीत तपासलं. गरम करून पाहिलं नाही. जगावर शंका घेतली, आपल्या टेबलावर नाही घेतली."

आडत्याने सुस्कारा सोडला. ती पहिली तक्रार करणारी बाई मात्र पुढे आली. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "तुम्ही चोर नाही, आडत्या चोर नाही, मापारी चोर नाही. मग भाऊ, आमची मिरची गेली कुठी?"

काकांनी वाकून काट्यावरचं वजन उतरवलं.

परवाना एक वर्षासाठी गेला. वर्ष संपल्यावर त्यांनी परत घेतला नाही. तोवर माझा परवाना झाला होता, दुकान माझ्याकडे आलं. मिरचीचं अर्धं पोतं काकूंनी पैसे देऊन मागवलं होतं, हे नंतर समजलं. डबा उघडू नको म्हणाले ते स्वेटरच्या ठिणगीमुळे, असं काकूच म्हणाल्या. तिसऱ्या गोष्टीचं उत्तर मला मिळालं नाही, मी विचारलंही नाही. एवढी वहिमी नजर एका छापील आकड्याने फसली, हे मला आजही पूर्ण पटत नाही. दोन आणे शंका शिल्लक आहे. ती मी ठेवून घेतली आहे.

काकू गेल्यावर काका मुलीकडे खाप्याला राहायला गेले. मी शेवटची तिथे भेटले ती एका दुपारी. एका वजनाची पेटी त्यांच्याकडे राहिली होती, ती आणायला गेले होते. ते अंगणात खाली बसून भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर दुरुस्त करत होते. पुन्हा भोंग्यांकडे आले होते.

"बस वं, मीना. नळाले हात लावू नको आता, याले ठिणगीनं काही होत नाही."

मी बसले. त्यांनी कामातून मान वर केली नाही.

"निरीक्षकाले फोन कोणी केला, मले कधी समजलं नाही," ते म्हणाले. "आडत्यावर शंका होती. मग मापाऱ्यावर. मग चिप विकणाऱ्या बर्डीच्या दुकानदारावर. माह्या साळ्यावरही घेतली."

मी वजनाची पेटी जवळ ओढली.

"ज्यानं केला त्यानं खोटं नाही सांगितलं. चिप खोटीच होती. पण एकच तार जोडली त्यानं. दुसरी माह्याजवळ होती. दोन तास थांबून मले विचारलं असतं, तर शिव्या देऊन मीच फोन केला असता." त्यांनी एक पेच आवळला. "एका तारेवर आलं ते मोठं करून सोडणं, हे याचं काम आहे." आणि ॲम्प्लिफायरवर टिचकी मारली.

मग त्यांनी बटण चालू केलं आणि माईक माझ्या हातात दिला.

"बोल काही. पाहू दे."

मी "हॅलो" म्हणाले. भोंगा अंगणाच्या भिंतीवर होता. माझा हॅलो गल्लीतून नदीच्या बाजूला गेला. समोरच्या घरातली एक बाई दारात येऊन पाहायला लागली. मी माईक काकांना परत दिला.

काका मान वाकडी करून भोंग्याकडे पाहत होते, बॅटरी जिभेला लावताना पाहायचे तसेच.

"चांगला आहे तुया आवाज," ते म्हणाले. "दूर जाते."

मी वजनाची पेटी उचलली आणि बसस्टँडवर आले. त्या उन्हाळ्यात ते गेले. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

पाचही वजनं पुसून झाली. संध्याकाळी मी अहवाल पुन्हा वाचला. त्यात खोटं काही नव्हतं. तरी तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि भिंतीवरच्या दोन घड्याळांखालचा दिवा बंद करून घरी गेले. घड्याळांत आता सात मिनिटांचा फरक आहे.

सोमवारी सकाळी साडेसहाला मी उमरेडच्या त्या कारागिराला फोन केला. माझं नाव सांगितलं.

"भिवापूरचा काटा आज उघडते आहे," मी म्हणाले. "आठला उमरेडच्या बसस्टँडवर उभे राहा, मी गाडीत घेते. तुमच्यासमोर उघडीन. दुपारी दोनपर्यंतचा वेळ काढून या."

"काहून?" तो म्हणाला. "माह्यावर शंका आहे का तुमची?"

"हाव," मी म्हणाले. "म्हणूनच या."

मग एकेक करून वजनं गाडीत चढवली.